मेंढा, कंसात लेखा

नकाशावर किंवा सरकारी यादीत हे गाव शोधायला गेलात तर नावापुढे कंस दिसतो: मेंढा (लेखा). कारण साधं आहे. मेंढा नावाची गावं विदर्भात बरीच आहेत. त्यातलं कोणतं, हे कळावं म्हणून शेजारच्या लेख्याचं नाव जोडलं गेलं. लेखा ही गट ग्रामपंचायत आणि मेंढा तिच्यातलं एक गाव. पुढे गावाचं नाव झालं तसा लोकांनी कंस काढून टाकला आणि 'मेंढा-लेखा' असं जोडनाव रूढ केलं. मला मात्र वाटतं की या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते त्या कंसातच आहे. म्हणून तो जागेवर ठेवूनच लिहितो.

गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका. गडचिरोलीपासून सुमारे तीस किलोमीटर, धानोऱ्यापासून तीनेक. शंभराच्या आसपास घरं, लोकसंख्या पाचशेच्या आत, वस्ती गोंडांची. जवळून कठाणी नदी वाहते. चहूकडे बांबूचं आणि सागाचं जंगल. जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि त्यातला सुमारे सत्तर टक्के भाग वनाच्छादित. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत होती.

'दुर्गम' हा शब्द इथे जपून वापरायला हवा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तसं मेंढ्याचं नाही. गाव डांबरी रस्त्यावर आहे, तालुक्याचं ठिकाण पायी गाठता येतं. दूर होतं ते निर्णयाचं ठिकाण. गावाभोवतीच्या जंगलातला बांबू कोण तोडणार हे मुंबईत ठरायचं, गावातल्या कामाचा पैसा कुठे जायचा ते पंचायतीच्या खात्यात, आणि गावाला 'गाव' म्हणायचं की नाही हे अधिसूचनेत. असं दूरपण डांबर टाकून कमी होत नाही.

गट ग्रामपंचायतीचं गणित

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे शासन एक किंवा अनेक वस्त्या मिळून एक 'गाव' जाहीर करतं आणि त्याला एक ग्रामपंचायत देतं. मोठ्या गावांच्या प्रदेशात याचं कुणाला काही वाटत नाही. गडचिरोलीसारख्या ठिकाणी चाळीस घरांचं एक, सत्तर घरांचं दुसरं, पलीकडे पंधरा घरांचा टोला, अशी वस्ती पसरलेली. मग दोनचार गावं एकत्र बांधून गट ग्रामपंचायत होते. लेख्याच्या पंचायतीत लेखा, मेंढा आणि कन्हारटोला येतात.

आता या गटाची ग्रामसभा कशी होते ते बघा. कोरम मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तो. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. सभा भरते पंचायतीच्या मुख्य गावी. टोल्यातला माणूस मजुरी बुडवून, चालत तिथे जाणार आणि ज्या जंगलाबद्दल, ज्या तळ्याबद्दल बोलायचं ते तिथल्या निम्म्या लोकांनी पाहिलेलंही नसणार. तो एकदा जातो, दुसऱ्यांदा जात नाही. पुढे सह्यांची वही घरोघरी फिरते. महाराष्ट्रात कुठेही ग्रामसेवकाशी मोकळेपणाने बोललात तर हे चित्र तो नाकारणार नाही.

मेंढ्याने केलं ते एवढंच: स्वतःची वेगळी सभा भरवली. सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांची, गावातच, आणि महिन्याच्या महिन्याला. सुरुवातीला या सभेला कायद्यात काहीही स्थान नव्हतं. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, ती आदिवासी अनुसूचित क्षेत्रांपर्यंत नेणारा पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. मेंढ्याची सभा या तिन्हींच्या आधीची, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली. कायदा मागून आला आणि त्याला हे गाव तयार सापडलं. हा क्रम लक्षात न घेता मेंढ्याची नक्कल करायला गेलेल्यांची पुष्कळ फजिती झाली आहे.

घोटुलाचं लाकूड

सुरुवात मात्र एका धरणापासून झाली, आणि ते धरण झालंच नाही. गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम अशी दोन मोठी धरणं ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आखली गेली होती. त्यांच्या विरोधात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. लालश्याम शहा आणि बाबा आमटे त्यात पुढे होते. धानोरा तालुक्यातली माणसंही मोर्चात गेली. धरणं मागे पडली. पण मोर्चातून परतलेल्यांच्या डोक्यात एक प्रश्न राहिला: सरकार आपल्याला न विचारता आपलं गाव बुडवायला निघतं, मग आपल्या गावात आपण कोण?

याच काळात मोहन हिराबाई हिरालाल तिथे आले. आईचं आणि वडिलांचं नाव लावणारे, जयप्रकाश नारायणांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून घडलेले. 'वृक्षमित्र' ही संस्था त्यांची. गावाच्या बाजूने देवाजी तोफा. या दोघांविषयी भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे थांबत नाही. एक नोंद मात्र हवी. मोहनभाऊंनी गावात ना दवाखाना काढला ना शाळा, योजनाही आणली नाही. ते प्रश्न विचारत राहिले, वाचून दाखवत राहिले आणि सभेत मत द्यायचं टाळत राहिले. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याला यातलं तिसरं सर्वांत जड जातं.

घोटुल म्हणजे गोंडांच्या तरुण मुलामुलींचं एकत्र जमण्याचं घर. ते मोडकळीला आलं होतं. गावाने ते नव्याने बांधायचं ठरवलं आणि त्यासाठी जंगलातून सागाचं लाकूड आणलं. वनखात्याच्या दृष्टीने ही चोरी. खात्याने बांधकाम पाडून लाकूड नेलं. इथवरची गोष्ट जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात घडली असती. पुढची वेगळी आहे. मेंढ्याने इलाख्यातल्या इतर गावांना बोलावलं. इलाखा हा गोंडांचा जुना गावसमूह. पंचायत समिती किंवा तालुका यांच्याशी त्याच्या सीमा जुळत नाहीत. बैठकीत ठरलं की घोटुल पुन्हा उभं राहील आणि एकट्या मेंढ्यात नाही, इतर गावांतही. खात्याने एक घोटुल पाडलं होतं, आता गावोगाव पाडावी लागली असती. खात्याने माघार घेतली.

प्रसंग लाकडाचा, पण त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. सभेचा ठराव अंमलात येऊ शकतो हे गावाला कळलं. आणि गट ग्रामपंचायतीबाहेरही गावांना एकमेकांशी जोडणारं काहीतरी जिवंत आहे, तेही कळलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या काळातली. तिचा पहिला अर्धा भाग लोक विसरतात. दिल्ली-मुंबईतल्या सरकारलाही ती 'आमचं'च म्हणते. नक्षलवादाच्या छायेतल्या जिल्ह्यात हे अर्धं वाक्य किती मोलाचं होतं, हे तिथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

सर्वसहमती आणि तिची किंमत

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो. त्याच्याशी बोलायचं, त्याचं म्हणणं समजून घ्यायचं, पुन्हा बसायचं.

शहरातल्या वाचकाला हे एकतर भाबडं वाटतं किंवा थोर. मला ते व्यवहारी वाटतं. शंभर घरांच्या गावात एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नास असा निर्णय झाला की गाव उभं फाटतं. जंगल राखायचं असेल तर राखण सगळ्यांनी करावी लागते, कारण कुऱ्हाड प्रत्येक घरात असते. ठरावाला विरोध करून हरलेली एकोणपन्नास माणसं रात्री जंगलात काय करतील? बहुमताच्या निर्णयाला पोलीस लागतात. या गावाकडे पोलीस नव्हते.

किंमतही आहे. एकेक निर्णय महिनोन्महिने लटकतो. दारूबंदीचा विषय बायकांनी लावून धरला तेव्हाही तो एका बैठकीत सुटला नव्हता. दुसरी किंमत कमी बोलली जाते. सहमती आणि गप्प बसणं बाहेरून सारखंच दिसतं. वयाने लहान, नव्याने लग्न होऊन आलेली किंवा पाटलाच्या घरी मजुरीला जाणारी बाई सभेत 'नाही' म्हणू शकली नाही, तर कागदावर सहमती झालीच की! याला उतारा म्हणून बायकांची उपस्थिती, त्यांच्या वेगळ्या बैठका आणि विषय आधीच सगळ्यांपर्यंत पोचवणं, यावर मेंढ्यात भर दिला गेला. तो पुरेसा ठरतो का, हे दर सभेत नव्याने तपासायला हवं. एकदा साधलं म्हणून ते कायमचं होत नाही.

या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो अभ्यास गट. तिथे निर्णय घ्यायचाच नाही, नुसती चर्चा. कुणीही यावं, वनाधिकारी, वकील, शिक्षक, बाहेरचा पाहुणा. मासे मारायला पाण्यात विष टाकण्याचे परिणाम काय, आग न लावता मध कसा काढता येतो, कायद्यातल्या अमुक कलमाचा अर्थ काय, असे विषय. निर्णयाचं ओझं नसल्यामुळे माणूस इथे मोकळेपणाने मत बदलू शकतो. सभेत मत बदलणं म्हणजे हरणं. अभ्यास गटात मत बदललं तर ते शिकणं ठरतं. पुढे सभेत विषय येतो तेव्हा अर्धी समजूत आधीच झालेली असते. सहमतीची सगळी कौतुकं होतात, पण हे बिनअधिकाराचं दालन नसतं तर ती टिकली नसती, असं माझं मत आहे. नक्कल करणाऱ्या गावांनी सभा घेतली आणि हा गट सोडून दिला.

अठराशे हेक्टर

१९५० च्या दशकात जमीनदारी गेली आणि जंगल सरकारकडे आलं. लोकांकडे राहिले ते निस्तार हक्क: सरपण, घराला लागणारं लाकूड, बांबू, चराई. पुढे जंगलाचं वर्गीकरण कडक होत गेलं तसे ते हक्कही आक्रसले. दुसरीकडे बांबू कागद कारखान्याला दीर्घ मुदतीच्या कराराने दिला गेला. गावकऱ्याने टोपलीसाठी दोन बांबू आणले तर गुन्हा आणि कारखान्याचे मजूर ट्रकच्या ट्रक भरून नेत. नव्वदच्या दशकात मेंढ्याने आपल्या जंगलातली ही तोड अडवली. त्याच सुमाराला संयुक्त वनव्यवस्थापन आलं. ती योजना मुळात उजाड जंगलासाठी होती. मेंढ्याचं जंगल उभं, भरलेलं. तरीही गावाने भांडून योजनेत जागा मिळवली. पण त्यात गाव वनखात्याचा भागीदार होता, मालक नव्हता. ते पुढच्या कायद्याने बदललं.

वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला, नियम १ जानेवारी २००८ पासून. वैयक्तिक शेतजमिनीच्या दाव्यांची देशभर झुंबड उडाली. कलम ३(१)(झ), म्हणजे सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क, याकडे फार थोड्यांनी पाहिलं. मेंढ्याच्या अभ्यास गटाने कायदा कलमागून कलम वाचला होता. २००९ मध्ये मेंढा आणि त्याच तालुक्यातलं मर्दा या दोन गावांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. देशात ही पहिली. मेंढ्याच्या वाट्याला १,८०९.६१ हेक्टर.

इथे कंस पुन्हा येतो. या कायद्यात दावा करणारी ग्रामसभा म्हणजे पंचायतीची नव्हे. पेसाच्या कलम ४(ब)प्रमाणे आपला कारभार परंपरेने चालवणारी वस्ती, पाडा किंवा टोला हेच 'गाव', आणि वनहक्क कायद्याने तीच व्याख्या उचलली. तेव्हाच्या नियमांत ग्रामसभेचा कोरम दोनतृतीयांश होता. २०१२ मध्ये तो निम्म्यावर आला आणि हजर असणाऱ्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया हव्यात असं ठरलं. पंधरा टक्क्यांची सवय असलेल्या पंचायतीला दोनतृतीयांश जमवणं अशक्यप्राय वाटलं. मेंढ्यात महिन्याच्या सभेला तेवढी माणसं तशीही यायची.

म्हणजे लेखा पंचायतीच्या ग्रामसभेने हा दावा केला असता तर काय झालं असतं? तीन वस्त्यांची तीन वेगवेगळी जंगलं, तीन वहिवाटी, सीमेवरून भांडणं, आणि कोरमअभावी तहकुबी. कायद्याने वस्ती हे एकक मानलं म्हणून वाट निघाली.

बांबू झाड की गवत

हक्काचा कागद आला आणि बांबू मात्र जागेवरच राहिला. हा भाग जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण कायद्याचं नुसतं शीर्षक वाचणाऱ्यांना तो कळत नाही.

वनहक्क कायद्याच्या कलम २(झ) मध्ये गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या इतर वनस्पतिजन्य मालाची, व्याख्या आहे आणि तीत बांबूचं नाव स्पष्ट आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कलम २(७) मध्ये 'झाडा'ची व्याख्या आहे आणि तेव्हा तीतही बांबू होता. वनस्पतिशास्त्राच्या लेखी बांबू गवताच्या कुळातला. वनखातं म्हणालं, बांबू झाड आहे, झाड म्हणजे इमारती लाकूड, त्यावर गावाचा हक्क नाही. गाव म्हणालं, नवा कायदा वाचा.

यात सगळ्यात बोचरी गोष्ट वाहतूक परवान्याची. जंगलातला माल नाक्यावरून पुढे न्यायचा तर टीपी, म्हणजे हाच परवाना, लागते. टीपी देणार वनखातं. मालकी गावाची असली तरी परवाना नसलेला ट्रक पहिल्याच नाक्यावर अडणार, आणि अडणार हे माहीत असलेला व्यापारी बोलीच लावणार नाही. विकता येत नाही अशा वस्तूची मालकी! खात्याला हक्क नाकारायचीही गरज नव्हती, परवान्याची वही आपल्या कपाटात ठेवली की काम भागत होतं.

२०११ च्या मार्चमध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण आणि वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानावा असं कळवलं. २७ एप्रिल २०११ ला ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसोबत मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्या दिवसाचे फोटो गाजले. पण खरा परिणाम सप्टेंबर २०१२ मधला: वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल, असं देशभरासाठी लिहिलं गेलं. एका गावाला दिलेलं पुस्तक दीड वर्षाच्या आत नियम झालं. नंतर २०१७ मध्ये १९२७ च्या कायद्यातून बांबूचं झाडपण वगळलं गेलं, मात्र ती दुरुस्ती वनाबाहेरच्या बांबूसाठी होती आणि मेंढ्याचा प्रश्न त्याआधीच सुटला होता.

मग काम सुरू झालं. कोणत्या बेटातले बांबू तोडायचे, कोवळे कोंब कसे राखायचे, जमिनीपासून किती उंचीवर घाव घालायचा, हे गावाला माहीत होतं. अवघड होतं ते बाकीचं: निविदा काढणं, अनामत ठेवून घेणं, बंडलं मोजणं, परवान्यावर गाडीचा नंबर आणि नग भरून शिक्का मारणं, हिशोब लिहिणं. ग्रामसभेने पॅन कार्ड काढलं. तोडणी गावातल्याच माणसांनी केली आणि मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात घालण्याची पद्धत पाळली. रोजगार हमीच्या कामांसाठी ग्रामसभा स्वतःच कार्यान्वयन यंत्रणा झाली, म्हणजे एरवी पंचायत किंवा खातं जे करतं ते.

बाकीच्या गावांचं काय

मेंढ्याच्या वाटेने जिल्हाभर दावे झाले. गडचिरोलीत हजाराहून अधिक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात क्वचितच असं घडलं असेल. २०१४ मध्ये राज्याचे पेसा नियम आले आणि वस्तीने ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची रीत कागदावर आली. राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातल्या तेंदू-बांबूवरचा ग्रामसभांचा अधिकार स्पष्ट झाला. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी, म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचा पैसा, सुरू झाला, आणि त्यासाठी गावागावाचा ग्रामसभा कोष उघडला गेला. पैसा प्रथमच टोल्याच्या नावाने येऊ लागला.

आणि तिथेच उणिवा दिसल्या. अनेक गावांना हक्काचा कागद आधी मिळाला, सभेची सवय नंतर लावायची होती. तेंदूच्या हंगामात ठेकेदार येतो, भाव सांगतो, कागद आपणच तयार करून आणतो. परवान्याचं पुस्तक त्याच्याच जीपमध्ये राहतं. रक्कम थकली की कुणाकडे जायचं ते ठाऊक नसतं, कारण करारावर सही करणाऱ्या अध्यक्षाने करार वाचलेलाच नसतो. ठेका पूर्वी मुंबईत व्हायचा, आता गावात होतो, पण करणारा तोच राहिला. यावर काही ठिकाणी गावांनी एकत्र येऊन तोड काढली. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. लिलाव, करार आणि वसुली एकत्र, सभा मात्र प्रत्येक गावाची आपली. मला ही रचना गट ग्रामपंचायतीला खरा जबाब वाटते. तिथे अधिकार गावात आहे आणि गावं गरजेपुरती एकत्र येतात. गट ग्रामपंचायतीत अधिकारच वर उचलून नेलेला असतो.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव आठवतं. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ मध्ये हक्क मिळाले आणि बांबूच्या विक्रीवर त्याने चांगली कमाई केली. तेंदूपत्ता मात्र तोडायचाच नाही असं ठरवलं. पत्ता चांगला फुटावा म्हणून फांद्या छाटतात, जंगलाला आग लावतात, आणि फळ खायला मिळत नाही, हे कारण. नगदी पैसा देणारं पीक गावाने स्वतःहून सोडलं. वरून आलेल्या आदेशाने हे झालं असतं तर दुसऱ्याच वर्षी चोरून तोड झाली असती.

मेंढ्याबद्दल एक आक्षेप नेहमी येतो: देवाजी आणि मोहनभाऊ नसते तर? प्रश्न रास्त आहे. दोन माणसांच्या धीराशिवाय हे उभं राहिलं नसतं. पण ज्या गावात वीस वर्षं दर महिन्याला सगळ्यांनी बसायचं आणि एकानेही अडवलं तर थांबायचं, तिथे पुढाऱ्याची सत्ता फार वाढू शकत नाही. मला काळजी वाटते ती दुसरीच. नवी पिढी शिकायला आणि नोकरीला बाहेर पडते. मतदार यादीत नाव आणि मुक्काम गडचिरोलीत किंवा नागपुरात. सगळ्या प्रौढांची सभा ही कल्पना सगळे प्रौढ गावात राहतात या गृहीतावर उभी होती.

सातबारा ग्रामसभेच्या नावे

२०१३ मध्ये गावाने आणखी एक पाऊल टाकलं, आणि त्याची मासिकांत तुलनेने कमी चर्चा झाली. महाराष्ट्र ग्रामदान कायदा १९६४ चा, विनोबांच्या चळवळीतून आलेला. अनेक वर्षं तो कुणी उघडलाही नव्हता. मेंढ्याच्या शेतकऱ्यांनी आपल्या खासगी जमिनीची मालकी ग्रामसभेकडे दिली. कसणारा तोच राहतो, त्याच्या मुलांनाही कसता येते. जमीन बाहेरच्याला विकता किंवा गहाण टाकता येत नाही. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी. जंगल ग्रामसभेच्या व्यवस्थापनात होतंच, आता शेतीही आली.

यामागे हिशोब होता. रस्त्यालगतच्या गावात जमिनीला गिऱ्हाईक लवकर मिळतं. एकाने विकली की दुसऱ्याला धीर राहत नाही, आणि बाहेरचा माणूस शिवारात आला की त्याचं मत सभेत नसतं पण कुंपण असतं. जंगल सामूहिक आणि शेत खासगी असताना सहमती फार दिवस टिकणार नाही, हे गावाने ओळखलं होतं.

ग्रामदान कायद्यात आणखी एक तरतूद आहे. असं गाव जाहीर झालं की त्याच्या ग्रामसभेला ग्रामपंचायतीचे अधिकार मिळतात. म्हणजे मेंढा लेख्याच्या गटातून मोकळं व्हायला हवं होतं आणि निधी, दाखले, कर हे सगळं थेट त्या सभेकडे यायला हवं होतं. तसं झालं नाही. कायदा जुना, त्याखालची यंत्रणा विरून गेलेली, महसूल आणि ग्रामविकास या दोन खात्यांत फाईल कुणी उचलायची हेच स्पष्ट नाही. वर्षं गेली. पत्रं गेली. शेवटी गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं दार ठोठवावं लागलं. ज्या सभेला जंगल दिलं, परवान्याचं पुस्तक दिलं, जमीनही मिळाली, तिला ग्रामपंचायत म्हणायचं की नाही, एवढंच त्यांनी तिथे विचारलं होतं.